‘दीनबंधु’ : घाटावरील स्थलांतरितांचे वृत्तपत्र

‘दीनबंधु’ या साप्ताहिकाचा उल्लेख इतिहासलेखनात दोन निरनिराळ्या प्रकरणांत येतो. सत्यशोधक चळवळीचे अभ्यासक त्यास ब्राह्मणेतर समाजाचे आद्य वृत्तपत्र मानतात. कामगार चळवळीचे अभ्यासक त्यात गिरणी कामगारांच्या गाऱ्हाण्यांचा पहिला संघटित उच्चार पाहतात. दोन्ही वर्णने यथार्थ आहेत. परंतु ती अलग ठेवल्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. ज्या शेतकऱ्याची बाजू हे पत्र मांडीत होते, त्याच्याच घरचा माणूस मुंबईच्या गिरणीत उभा होता. ‘दीनबंधु’ हे स्थलांतरितांचे वृत्तपत्र होते, असे मानल्यास या दोन प्रकरणांचा सांधा जुळतो.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढील काळात गिरण्यांना जे मनुष्यबळ मिळाले, ते रत्नागिरीप्रमाणेच सातारा, पुणे आदी घाटावरील जिल्ह्यांतून आले. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात वाळवा, तासगाव व खानापूर हे तालुकेही मोडत असत. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. तेव्हा एकोणिसाव्या शतकातील ‘सातारकर’ मजुरांचा विचार करताना आजचे दोन्ही जिल्हे ध्यानात घ्यावे लागतात. माण, खटाव, खानापूर हा पूर्वेकडील टापू अवर्षणाचा. सरकारी सारा, सावकाराचे देणे आणि बेभरवशाचा पाऊस यांच्या कात्रीत सापडलेल्या कुटुंबातील एखादा कर्ता पुरुष मुंबईस जाई. बायकामुले व जमीन मात्र गावीच राहत.

कृष्णराव पांडुरंग भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केला, तेव्हा दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला होता. पैशाच्या अडचणीमुळे पुण्यात पत्र चालविणे भालेकरांना अशक्य झाले. १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत नव्याने चालू केले. हे स्थलांतर आर्थिक कारणाने घडले, हे खरे. परंतु त्याचा परिणाम दूरगामी ठरला. वाचकवर्ग ज्या वाटेने घाट उतरला होता, त्याच वाटेने त्याचे वृत्तपत्रही उतरले.

येथे अमेरिकेतील आयरिश लोकांच्या पत्रांशी तुलना उद्बोधक ठरते. बॉस्टन येथे १८२९ साली सुरू झालेल्या व पुढे ‘पायलट’ या नावाने प्रसिद्धी पावलेल्या पत्रात १८३१ पासून हरवलेल्या आप्तांच्या शोधाच्या जाहिराती येऊ लागल्या व त्या १९२१ पर्यंत येत राहिल्या. महासागरापलीकडे गेलेल्या माणसाचा मायदेशाशी संबंध तुटत होता आणि तो सांधण्याचे काम वृत्तपत्र करीत होते. सातारकर मजुराची स्थिती निराळी होती. सुगी, लग्नकार्य, जत्रा यांसाठी तो गावी परतत असे. गावाची खबर त्यास वृत्तपत्रावाचूनही मिळे. त्यास उणीव होती ती गिरणीमालक आणि सरकार यांच्यासमोर बोलणाऱ्या आवाजाची. म्हणून ‘दीनबंधु’ हे स्मरणाचे नव्हे, तर प्रामुख्याने गाऱ्हाण्याचे पत्र झाले.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथील सुपारीबागेत लोखंडे यांच्या पुढाकाराने कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार झाले. आठवड्यातून एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या वेळेस मर्यादा, वेळेवर पगार आणि अपघातात जखमी झालेल्यास साहाय्य, अशा त्यातील मागण्या होत्या. वेळेवर पगाराच्या मागणीकडे गावाच्या बाजूने पाहिले म्हणजे तिचे महत्त्व कळते : मुंबईत पगार थकला की गावी सावकाराचे व्याज चढत असे. रविवार हा खंडोबाचा वार असल्याने जेजुरी व पाल येथील भक्तांना त्या दिवसाच्या सुटीचे अगत्य वेगळे पटवून देण्याची गरज नव्हती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने ही सुटी मान्य केली.

शेत आणि गिरणी यांचे नाते सदैव सुरळीत होते, असे मात्र नव्हे. जोतीराव फुले यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. त्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’त छापली गेली, पुढील प्रकरणे छापण्यास लोखंडे यांनी नकार दिला. त्यामुळे फुले रुष्ट झाले. सरकारकडे अर्जविनंत्या करून कामगारांसाठी कायदा मिळवू पाहणाऱ्या संपादकास त्याच सरकारवरील प्रखर टीका अडचणीची वाटली असल्यास नवल नाही. ज्याचे हात दोन्हीकडे गुंतले आहेत अशा पत्राची ही कुचंबणा होती. केवळ भित्रेपणा म्हणून ती निकालात काढता येत नाही.

‘दीनबंधु’चे मूळ अंक दुर्मिळ असल्याने अभ्यासकास बव्हंशी देशी वृत्तपत्रांवरील सरकारी साप्ताहिक अहवालांवर विसंबावे लागते. हे अहवाल म्हणजे सरकारला जेवढे जाणून घ्यावेसे वाटले तेवढ्याचा इंग्रजी सारांश होय. त्यांत कायदा, कर व असंतोष यांविषयीचा मजकूर येतो. किरकोळ पत्रे, जाहिराती, गावोगावची वर्तमाने गळून पडतात. स्थलांतरिताचे दुहेरी जीवन ज्या मजकुरात उमटण्याचा संभव अधिक, नेमका तोच या चाळणीतून निसटतो. कामगार आणि शेतकरी ही विभागणी इतिहासकारांच्या मनात दृढ होण्यास साधनांचे हे स्वरूपही कारणीभूत असावे.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली आणि असंख्य मजुरांनी गावची वाट धरली. रुग्णसेवेत गुंतलेले लोखंडे त्याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मरण पावले. पुढे वासुदेवराव बिरजे आणि त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी तानूबाई बिरजे यांनी पत्राची धुरा वाहिली. संपादकाने शहरात देह ठेवला, त्या वेळी त्याच्या वाचकांतील अनेक जण घाट चढून माघारी जात होते. ‘दीनबंधु’चा इतिहास लिहावयाचा तर त्या वाटेची दोन्ही टोके एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवणे अगत्याचे आहे.