रायचूचा हत्ती
पोकेमॉनमधल्या बारीक नोंदींची कुळकथा

पोकेमॉनचा पहिला खेळ जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी बाजारात आला. त्यात रायचू नावाचा विजेचा उंदीर आहे. त्याच्या नोंदीत लिहिले होते की त्याचा झटका एक लाख व्होल्टपर्यंत जाऊ शकतो आणि बेसावधपणे हात लावला तर भारतीय हत्तीसुद्धा बेशुद्ध पडतो. त्याच खेळात गॅस्टली नावाचे वायूचे भूत आहे. त्याच्या विळख्यात सापडलेला भारतीय हत्ती दोन सेकंदांत आडवा होतो. सगळेच प्राणी काल्पनिक असलेल्या या जगात आमच्याकडचा खराखुरा हत्ती कोठून आला, हा प्रश्न पोकेमॉनप्रेमी गेली अनेक वर्षे मिटक्या मारत चघळतात.

हत्ती एकटा नाही. खेळ सुरू होतो त्या घरातल्या दूरचित्रवाणी संचावर चार मुले रेल्वेच्या रुळांवरून चालताना दिसतात. ‘स्टँड बाय मी’ या अमेरिकी चित्रपटाला केलेला तो नमस्कार आहे. संग्रहालयातला एक माणूस २० जुलै १९६९ ची आठवण काढतो. माणूस चंद्रावर उतरताना पाहायला म्हणून त्याने रंगीत टीव्ही घेतला होता. ओसाड वाड्यात सापडणाऱ्या डायरीनुसार म्यू हा दुर्मीळ पोकेमॉन दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात आढळला, तारीख ५ जुलै. खेळ जिंकण्यासाठी यातले काहीही वाचायची गरज नाही. तरी तीस वर्षांनंतर लोकांना आठवते ते हेच. या बारीक नोंदींचे कूळ शोधायला निघाले की माग एका किडे पकडणाऱ्या मुलापर्यंत जातो.

सातोशी ताजिरी यांचा जन्म १९६५ चा. टोकियोच्या कडेला असलेल्या माचिदा गावात ते वाढले. तेव्हा तिथे भातखाचरे होती, तळी होती, झाडी होती. शाळेतली मुले त्यांना किड्यांचे डॉक्टर म्हणत. इतर मुले झाडाच्या सालीला मध लावून भुंगेरे पकडायची. ताजिरींनी पाहिले होते की भुंगेरे दिवसा दगडाखाली झोपतात. म्हणून ते झाडाच्या बुंध्याशी दगड ठेवत आणि सकाळी तो उचलून पाहत. पुढे टोकियो पसरत गेले, तळी बुजली, त्या जागी इमारती आल्या आणि व्हिडिओ गेमचे गाळे आले. मुलगा तळ्यावरून उठला आणि त्या गाळ्यात जाऊन बसला.

१९८३ मध्ये त्यांनी ‘गेम फ्रीक’ नावाचे हाताने लिहिलेले नियतकालिक काढले. खेळांतल्या युक्त्या आणि लपवलेल्या खाचाखोचा त्यात असत. त्यातून केन सुगिमोरी हा चित्रकार त्यांना मिळाला आणि १९८९ मध्ये त्याच नावाची कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी निन्टेन्डोचा गेम बॉय आला. दोन गेम बॉय तारेने जोडता येत. इतरांना त्या तारेत शर्यत किंवा सामना दिसला. ताजिरींना तारेवरून एका यंत्रातून दुसऱ्यात सरपटत जाणारे किडे दिसले. किड्यांची अदलाबदल हा पोकेमॉनचा पहिला विचार. लढाया त्याला नंतर चिकटल्या.

किडे गोळा करणाऱ्या जपानी मुलाजवळ जाळी, डबा आणि ‘झुकान’ असतो. झुकान म्हणजे सचित्र कोश: चित्र, नाव, लांबी, राहण्याची जागा, एखादी लकब. खेळातल्या पोकेडेक्सचे जपानी नावही झुकानच आहे. प्रत्येक प्राण्याला क्रमांक, उंची, वजन आणि दोन-तीन ओळी. कोशाला वाचकाच्या ओळखीचे माप लागते. व्होल्ट म्हणजे किती, हे दहा वर्षांच्या मुलाला कळत नाही, हत्ती कळतो. माझ्या मते रायचूच्या नोंदीतल्या हत्तीचे मूळ इथे आहे. पहिल्या इंग्रजी आवृत्तीत रायचूचा मजकूर वेगळा घेतला गेला आणि हत्ती गळला. इंग्रजीतून खेळणाऱ्यांना तो भेटला नंतरच्या आवृत्त्यांत.

दुसरे कारण यंत्राचे. गेम बॉयचा पडदा १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा, छटा चार. मूळ जपानी खेळ बसला तो अर्ध्या मेगाबाइटमध्ये. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो याहून मोठा असतो. एवढ्या पडद्यावर कातडीचा पोत दाखवता येत नाही, डोळ्यातले पाणी दाखवता येत नाही. क्यूबोनने डोक्यावर घातलेली कवटी त्याच्या मेलेल्या आईची आहे, हे चित्रातून समजत नाही. ते एका ओळीत सांगावे लागते. चित्राला जे जमले नाही ते शब्दांवर सोपवले गेले, आणि जागा कमी म्हणून शब्दही मोजके. पोकेडेक्सची नोंद इतकी नेमकी झाली ती या तंगीमुळे.

तंगीतूनच म्यू जन्मला. खेळ पुरा होत आला तेव्हा चाचणीसाठी वापरलेली साधने काढून टाकली आणि सुमारे ३०० बाइट जागा मोकळी झाली. शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रॅमरने तिथे १५१ वा प्राणी घुसवला. तो कोणाला मिळावा असा इरादाच नव्हता. पण खेळातल्या दोषांमुळे काहींना तो दिसला, शाळाशाळांतून कुजबुज पसरली आणि ‘कोरोकोरो’ या मुलांच्या मासिकाने २० जणांना म्यू देण्याची योजना जाहीर केली. अर्ज आले ७८ हजार. लपवलेल्या तपशिलाला किती गिऱ्हाईक असते, ते कंपनीला तेव्हा कळले.

जागा वाढली तशा नोंदी सूक्ष्म झाल्या, पण कूळ सुटले नाही. २००२ च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’ या खेळांत निंकाडा नावाचा जमिनीतला किडा आहे. तो मोठा होऊन निंजास्क बनतो. त्या वेळी खेळाडूच्या जवळच्या सहापैकी एक जागा रिकामी असेल तर तिथे कोणी न बोलावता शेडिंजा येऊन बसतो: आतून पोकळ, एक अंशाचा प्राण असलेला. सिकाडा हा किडा जमिनीतून वर येऊन कात टाकतो आणि रिकामे कवच झाडालाच चिकटून राहते. जपानी मुले उन्हाळ्यात ती कवचे वेचतात. शेडिंजा म्हणजे ते कवच. ज्याने कधी असे कवच हातात धरलेले नाही, त्याला हा प्राणी सुचला नसता.

त्याच खेळातला स्पिंडा हा ठिपक्यांचा अस्वलासारखा प्राणी. कोणत्याही दोन स्पिंडांचे ठिपके सारखे नसतात, असे कोश सांगतो. ही नुसती थाप नाही. प्रत्येक पोकेमॉनला खेळ आतून एक ३२ बिटांचा आकडा देतो आणि स्पिंडाचे चार ठिपके कुठे पडायचे ते त्या आकड्यावरून ठरते. असे आकडे ४२९ कोटींहून अधिक. वर्मपल या अळीचा कोश कोणत्या जातीचा होणार तेही याच आकड्यात दडलेले असते. बाहेरून पाहून काही कळत नाही.

मला सर्वांत मोलाची वाटते ती नोंद मात्र याहून साधी आहे. पोकेमॉनच्या माहितीच्या पानावर तो कुठे आणि कोणत्या पातळीवर सापडला हे लिहिलेले असते. २००६ च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’पासून त्यात तारीखही आली. संग्रहालयात टाचणीला लावलेल्या किड्याखाली एक चिठ्ठी असते: जागा, तारीख, पकडणाऱ्याचे नाव. ती चिठ्ठी हरवली की किडा शोभेचा उरतो, अभ्यासाला निरुपयोगी होतो. खेळाने ती चिठ्ठी जशीच्या तशी उचलली. पहिल्या मालकाचे नावसुद्धा लिहिले. म्हणून पंधरा वर्षांपूर्वी पकडलेला पोकेमॉन खेळाडू टाकून देत नाही.

आपल्याकडे पोकेमॉन आला तो उलट्या क्रमाने. २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर हिंदीतून मालिका सुरू झाली, मग वेफर्सच्या पाकिटांतून टॅझोच्या चकत्या आल्या, आणि खेळ सगळ्यात शेवटी. निन्टेन्डोची यंत्रे आपल्या दुकानांत सहज मिळत नव्हती. बहुतेकांनी ते खेळ संगणकावर एम्युलेटर, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, टाकून खेळले. त्या पिढीच्या काही खुणा खास तिच्याच आहेत. खेळ उघडताच आतली बॅटरी संपल्याची सूचना यायची, कारण त्या बॅटरीवरचे खेळातले घड्याळ एम्युलेटरमध्ये चालत नसे. हाँटर या पोकेमॉनचा मोठा होऊन गेंगार व्हायचा तर त्याची दुसऱ्या यंत्राशी अदलाबदल करावी लागे. तार कोणाकडेच नव्हती, त्यामुळे कित्येकांचे हाँटर जन्मभर हाँटरच राहिले. ताजिरींना जी तार पाहून सगळे सुचले, नेमकी तीच आपल्या वाट्याला आली नाही.

तार नको असलेला खेळ २०१६ मध्ये आला. जुलैत ‘पोकेमॉन गो’ परदेशांत सुरू झाला आणि डिसेंबरमध्ये जिओशी करार होऊन तो अधिकृतपणे भारतात आला. सोलापुरात सात रस्ता या चौकात उभे राहून मोबाइल उघडला की स्टेशनकडे आणि विजापूर रस्त्याकडे जाणारे रस्ते पडद्यावर उमटतात, आणि खऱ्या गावातल्या खुणांवर निळे पोकेस्टॉप दिसतात. या थांब्यांचीही कुळी आहे. पोकेमॉन गो बनवणाऱ्या निॲन्टिक या कंपनीचा आधीचा खेळ ‘इन्ग्रेस’. त्याचे खेळाडू आपापल्या गावातले पुतळे, देवळे, भित्तिचित्रे, जुन्या इमारती यांचे फोटो काढून नाव आणि वर्णनासह पाठवत. पोकेमॉन गोने ते भांडार घेतले आणि पुढे आपल्या खेळाडूंनाही नवे थांबे सुचवू दिले. त्यामुळे आपल्या गल्लीतले देऊळ खेळात आहे की नाही, हे जपानमध्ये ठरले नाही. कोणीतरी गाववाला तिथे थांबला होता, म्हणून ते आहे.

थांब्यावरून भेटवस्तू मिळते. ती मित्राला पाठवली की त्यावर त्या जागेचा फोटो आणि गावाचे नाव जाते. विव्हिलॉन नावाच्या फुलपाखराची गंमत यावर चालते. २०१३ च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’ या खेळांत त्याच्या पंखांची नक्षी खेळाडू जगात कुठे राहतो यावर ठरायची. अशा १८ नक्ष्या. एकीचे नाव मान्सून. २०२२ च्या अखेरीस हे फुलपाखरू पोकेमॉन गोमध्ये आले आणि दूरदेशीची पोस्टकार्डे जपून ठेवणाऱ्याला तिथली नक्षी मिळू लागली. तेव्हापासून सोलापूरच्या देवळांचे आणि पुतळ्यांचे फोटो अनोळखी माणसांच्या संग्रहात जाऊन बसतात, तेही एका फुलपाखरासाठी. किडे जमवणाऱ्या मुलाचा हट्ट इतका लांब आला. सात रस्त्यावर दुर्मीळ पोकेमॉन मिळालेल्या पोराला दोस्त विचारतो, “कुठं घावला बे?” चिठ्ठीवरची पहिली ओळ हीच असते.

या कुळकथेला एक कडू उपकथा आहे. केंब्रिजचे अँड्र्यू बामफर्ड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या ४ ते ११ वयाच्या १०९ मुलांना चित्रे दाखवली: काही पोकेमॉनची, काही त्यांच्याच देशातल्या प्राणी-वनस्पतींची. २००२ मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष छापून आले. आठ वर्षांची मुले सुमारे ८० टक्के पोकेमॉन ओळखत होती, खऱ्या जाती मात्र निम्म्याच्या आसपास. मुलांची स्मरणशक्ती आणि ओढ दोन्ही भरपूर आहेत. निसर्ग जपणाऱ्यांना त्यांच्यापर्यंत पोहोचता आलेले नाही, असा लेखकांचा रोख होता.

सोलापूरला हे लागू व्हायला नको होते. नोंदी ठेवणारा मोठा माणूस या गावाने दिला. मारुती चितमपल्ली यांचा जन्म १९३२ मध्ये सोलापुरातच झाला आणि १८ जून २०२५ रोजी ते इथेच गेले. वनखात्यातली सारी नोकरी त्यांनी पक्षी, झाडे, त्यांची आदिवासींमधली नावे आणि लकबी टिपण्यात घालवली. त्यांचा ‘पक्षीकोश’ हा आपला झुकान आहे. २००६ चे साहित्य संमेलन सोलापुरात भरले तेव्हा अध्यक्षही तेच होते. नोंदण्याजोगा विषयही गावाजवळच होता: बार्शी रस्त्यावर नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. माळढोकाचे तपशील कोणत्याही पोकेडेक्सला शोभतील असे आहेत. उंची सुमारे मीटरभर, नराचे वजन १५ किलोपर्यंत. विणीच्या काळात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो. मादी बहुधा एकच अंडे घालते. डोळे बाजूला असल्याने त्याला समोरचे नीट दिसत नाही आणि तो विजेच्या तारांवर आदळतो. रायचूच्या झटक्याने हत्ती पडला की नाही कोण जाणे. तारांनी माळढोक मात्र पडले.

तेव्हा पोरांच्या हातातला मोबाइल हिसकावू नका. नोंद ठेवण्याची सवय तो खेळ त्यांना आधीच लावतो आहे. तिला खरा विषय मिळवून देणे एवढेच काम उरते. सात रस्त्यावरून विजापूर रस्त्याला लागले की संभाजी तलाव येतो, ज्याला जुने सोलापूरकर कंबर तलाव म्हणतात. तिथे खेळाडू पाण्यातले पोकेमॉन धुंडाळतात, आणि पाण्यावर खरे पक्षीही असतात. पुढच्या रविवारी पोरांबरोबर एक वही न्या आणि पहिल्या पक्ष्यापाशी तीनच गोष्टी लिहायला सांगा: जागा, तारीख आणि पाहणाऱ्याचे नाव.