बिघडलेल्या बीअरचे निदान : चवीचे नाव आणि चवीचे कारण

पदार्थाची चव बिघडली म्हणजे भाषा दोन प्रकारांनी तिचे नाव घेते. मराठीतील ‘खवट’, ‘कुबट’, ‘आंबूस’, ‘उग्र’ ही विशेषणे केवळ जिभेला अथवा नाकाला आलेला अनुभव सांगतात. तो कोठून आला याविषयी ती मौन पाळतात. याउलट ‘करपणे’, ‘धुरकटणे’ आणि विशेषतः ‘कळकणे’ या क्रियापदांत अनुभवाबरोबर त्याचे कारणही सामावलेले आहे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक अगर आमटी राहिली म्हणजे ती कळकते. हा शब्द उच्चारणाऱ्या गृहिणीला आंबट पदार्थ व उघडा पडलेला धातू यांचा संबंध निराळा सांगावा लागत नाही. कल्हईवाल्यास बोलाविणे हा उपायही त्याच शब्दात आलेला असतो. पहिल्या जातीच्या शब्दांना अनुभववाचक व दुसऱ्या जातीच्या शब्दांना कारणवाचक म्हटल्यास, यूरोपातील बीअरच्या दोषांचा इतिहास हा पुष्कळ अंशी एका जातीच्या नावांकडून दुसऱ्या जातीच्या नावांकडे जाण्याच्या खटपटीचा इतिहास आहे, असे दिसून येईल. ही वाटचाल सरळ मात्र झालेली नाही.

बार्लीला मोड आणून वाळविलेले माल्ट, पाणी, हॉपची फुले आणि यीस्ट एवढ्यावर बीअर होते. अठराव्या शतकातील इंग्लंडात ती अनेक घरी होत असे, आणि अशा कुटुंबांसाठी पुस्तकेही निघत. विल्यम एलिस याच्या नावावर मोडणारे ‘द लंडन अँड कंट्री ब्रुअर’ हे इ. स. १७३४ च्या सुमारास निघालेले पुस्तक त्यांपैकीच होय. बीअर ‘फॉक्स’ होते, म्हणजे तिला किळसवाणा वास व चव येते, असा एक दोष त्यात वर्णिलेला आहे. अस्वच्छ राहिलेली पिंपे व थंड करण्याची पात्रे ही त्याची कारणे म्हणून दिली आहेत. ‘फॉक्स’ म्हणजे कोल्हा. या नावात ना कारण आहे, ना नेमका अनुभव. तथापि उपाय मात्र बरोबर होता. जंतूंची कल्पनाही नसलेल्या काळात घरगुती बीअर करणाऱ्याने भांडे घासण्याकडे बोट दाखविले, ही गोष्ट पुढील इतिहास वाचताना विसरता कामा नये.

लुई पाश्चर १८७१ मध्ये या विषयाकडे वळला तो जर्मनीशी झालेल्या युद्धातील पराभवाची जखम ओली असताना. जर्मन बीअरवर मात करील अशी फ्रेंच बीअर निर्माण व्हावी हा त्याचा उघड हेतू होता. शास्त्रीय संशोधनाच्या मुळाशी राष्ट्रीय राग असल्याची इतकी स्वच्छ कबुली विरळा आढळते. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याने लंडनमधील एका मोठ्या कारखान्यात पोर्टर जातीच्या बीअरचे यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात परके जंतू आढळताच ही बीअर नीट उतरत नसावी असे त्याने तेथील व्यवस्थापकांस सांगितले. बिघडलेली बीअर ग्राहकांकडून परत येत असल्याचे त्यांना मान्य करावे लागले. आठवडाभराच्या आत पाश्चर पुन्हा तेथे गेला, तेव्हा कारखान्याने सूक्ष्मदर्शक विकत घेतलेला होता. १८७६ मध्ये त्याचा ‘बीअरविषयी अभ्यास’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथाच्या पूर्ण नावात बीअरच्या ‘रोगां’चा उल्लेख आहे, आणि ही शब्दयोजना महत्त्वाची होय. बिघडणे ही पदार्थाची प्रवृत्ती न राहता बाहेरून लागणारी व्याधी झाली. आंबणारी बीअर, चिकट तार धरणारी बीअर, शिरक्याकडे झुकणारी बीअर यांतील प्रत्येकीसाठी त्याने स्वतंत्र जंतूचे चित्र काढून दाखविले. अनुभववाचक नावाशेजारी कारण ठेवण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होता.

परंतु पाश्चरच्या उपपत्तीत एक गृहीत दडलेले होते. परका जंतू तेवढा दोषी आणि यीस्ट निर्दोष, असे ते गृहीत. ते डळमळले कोपनहेगनमध्ये.

जे. सी. याकोबसेन याने १८४५ साली म्यूनिकच्या सेडलमायर यांच्याकडून यीस्ट आणले, आणि घोडागाडीच्या लांबच्या प्रवासात ते वरचेवर पाण्याने थंड करून डेन्मार्कपर्यंत जगविले. १८४७ मध्ये त्याने कार्ल्सबर्ग हा कारखाना काढला व १८७५ मध्ये त्यास प्रयोगशाळा जोडली. याकोबसेन पाश्चरचा परम भक्त होता. त्याने पाश्चरचा अर्धपुतळाही करवून घेतला. अशा घरी एमिल क्रिस्टियन हान्सेन हा संशोधक काम करीत होता. तरुणपणी घरे रंगविण्याचा धंदा केलेला हा मनुष्य कवकांच्या अभ्यासातून या क्षेत्रात आला होता. १८८३ मध्ये कार्ल्सबर्गचीच बीअर बिघडली. तिला कडवट चव व अप्रिय वास येऊ लागला. कारखान्याची प्रतिष्ठा ज्या यीस्टवर उभी होती त्यावरच आता संशय आला.

हान्सेनची रीत साधी पण चिकाटीची होती. यीस्ट पाण्यात मिसळून तो एका थेंबातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजी, आणि प्रत्येक चंबूच्या वाट्याला सरासरीने अर्धीच पेशी येईल इतके ते मिश्रण पातळ करी. पेशी अर्धी होत नसल्यामुळे काही चंबू रिकामे राहत, काहींत एक पेशी पडे, क्वचित् दोन. चंबू हलवून स्वस्थ ठेवला की पेशी काचेला चिकटून तेथे वाढीचा ठिपका दिसू लागे. ज्या चंबूत एकच ठिपका, त्यातील यीस्ट एकाच पेशीची संतती. अशा रीतीने कारखान्याच्या यीस्टमधून त्याने चार प्रकार वेगळे केले व प्रत्येकाची निराळी बीअर करून पाहिली. एकाच प्रकाराची बीअर चांगली उतरली. कडवटपणा व दुर्गंध ज्याच्यामुळे येत होता ती सॅकॅरोमायसेस पॅस्टोरियानस या नावाने ओळखली जाणारी जात निघाली. तीही यीस्टच! अर्थात् पाश्चरच्या पद्धतीने शुद्ध ठरलेले यीस्टसुद्धा रोगी असू शकते, हे पाश्चरच्याच नावाच्या यीस्टने सिद्ध केले. १२ नोव्हेंबर १८८३ रोजी ‘क्रमांक १’ हे शुद्ध यीस्ट कारखान्यात वापरात आले, आणि याकोबसेनने ते इतर कारखान्यांना मोफत दिले.

या नावाचे पुढे जे झाले ते नामकरणाच्या अभ्यासकाने अवश्य पाहावे. हान्सेनने १९०८ मध्ये चांगल्या यीस्टला सॅकॅरोमायसेस कार्ल्सबर्गेन्सिस असे नाव दिले. परंतु वर्गीकरणात आधीच्या नावाला अग्रमान असतो. आज लागर बीअरच्या यीस्टचे अधिकृत नाव पॅस्टोरियानस हेच आहे, आणि कार्ल्सबर्गेन्सिस हा त्याचा पर्याय गणला जातो. १८८३ च्या खटल्यातील आरोपीचे नाव फिर्यादीला लागले आहे. कारण शोधून दिलेले नावही कारणाशी कायमचे बांधलेले राहत नाही, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

शुद्ध यीस्टचा विजय इंग्लंडात मात्र अडला. तेथील दीर्घकाळ साठविण्याच्या बीअर (एकोणिसाव्या शतकात मुंबई-कलकत्त्यास येणारी बर्टनची फिकी बीअर याच वर्गातील) एकाच शुद्ध यीस्टवर केल्या असता त्यांना मुरल्यानंतरची ओळखीची चव येईना. कार्ल्सबर्गच्याच निल्स येल्टे क्लाउसेन याने १९०४ साली लंडनमध्ये त्याचा उलगडा केला. साठवणीच्या काळात दुसरेच एक यीस्ट सावकाश काम करीत असते व ती चव त्याची असते, असे त्याने दाखविले. ग्रीक शब्दांवरून त्याने त्याला ‘ब्रेटानोमायसेस’, म्हणजे ब्रिटिश कवक, असे नाव दिले. चामडे किंवा घोड्याची झूल यांची आठवण करून देणारा हा वास लागर बीअरमध्ये आला तर ती फेकून द्यावी लागेल. इंग्लिश बीअरमध्ये तो नसला तर ती अपुरी. म्हणजे ‘दोष’ हा शब्द अनुभववाचकही नाही व कारणवाचकही नाही. तो निवाडा आहे, आणि निवाडा देशपरत्वे बदलतो. बव्हेरियातील गव्हाच्या बीअरला लागणारा लवंगेचा वास हे त्याचेच दुसरे उदाहरण होय. तो तेथे हवासा आहे, इतरत्र बहुधा नको असतो.

एक नाव व दोन कारणे ही याहून अधिक घोटाळ्याची स्थिती. बीअरला लोण्याचा वास येतो त्या दोषास जुने लोक ‘सार्सिना’ म्हणत. लॅटिनमध्ये सार्सिना म्हणजे गाठोडे. चार-चारच्या गटाने दिसणाऱ्या जीवाणूंवरून हे नाव पडले. लोण्याचा सुगंध डायॲसिटिल या द्रव्याचा, हे १९२९ मध्ये ठरले, आणि १९३९ मध्ये शिमवेल व कर्कपॅट्रिक यांनी सार्सिना रोगाशी त्याचा संबंध जोडला. येथे शोध संपावयास हवा होता. परंतु पुढील संशोधनात असे आढळले की निरोगी यीस्टही काम करताना एक पूर्वद्रव्य बाहेर टाकते, त्याचे बीअरमध्ये आपोआप डायॲसिटिल होते, आणि वेळ मिळाल्यास तेच यीस्ट ते परत शोषून घेते. एक लिटर लागर बीअरमध्ये सुमारे ०·१ मिलिग्रॅम एवढ्या अल्प प्रमाणातही ते जाणवू शकते. म्हणून लोण्याचा वास आला एवढ्यावरून जीवाणू शिरले असे म्हणता येत नाही. बीअर करणाऱ्याने उतावीळपणा केला असेही असू शकते. पहिल्या प्रसंगी नळ्या व पात्रे बदलावी लागतात, दुसऱ्या प्रसंगी फक्त थांबावे लागते.

अशा नावांचा एक सर्वसंमत कोश १९७९ मध्ये तयार झाला. मॉर्टेन माइलगार्ड व त्याचे सहकारी यांनी यूरोप व अमेरिका येथील संस्थांच्या वतीने १४ वर्गांत १२२ संज्ञा बसविल्या. चांगले-वाईट अशी निवाड्याची विशेषणे त्यांनी कटाक्षाने वगळली, आणि शक्य तेथे संज्ञेला प्रमाणद्रव्य जोडून दिले. योगायोगाने त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत घरी बीअर करणे केंद्रीय कायद्याने मोकळे झाले. इंग्लंडात त्यासाठी लागणारा परवाना १९६३ मध्येच रद्द झाला होता. प्रयोगशाळा नसलेला, जीभ व नाक एवढीच साधने असलेला घरगुती बीअर-कर्ता एलिसनंतर दोन शतकांनी पुन्हा मोठ्या संख्येने दिसू लागला, आणि या वेळी त्याच्या हाती शब्दकोश होता.

तो शब्दकोश त्याला कितपत उपयोगी पडतो हे दोषागणिक वेगळे आहे. प्रकाशाने बिघडलेल्या बीअरला जर्मन लोक ‘प्रकाशाची चव’ म्हणतात. बाटली उन्हात ठेवू नये हे त्या नावातच आले. अमेरिकन माणूस त्याच वासाला स्कंक या दुर्गंधी प्राण्याचे नाव देतो, ते तो प्राणी न पाहिलेल्याला अनुभव म्हणूनही निरुपयोगी आहे. औषधी, मलमपट्टीसारखा वास हा खास नागरी दोष होय. नळाच्या पाण्यातील अगर भांडी धुण्याच्या द्रावणातील क्लोरीन बीअरमधील फीनॉलांशी संयोग पावते, तेव्हा तो येतो. क्लोरीनयुक्त नळाचे पाणी हीच विसाव्या शतकातील गोष्ट असल्यामुळे एलिसच्या वाचकांना त्याची ओळख असण्याचे कारण नव्हते. त्याचा छडा लावण्याची रीत हान्सेनचीच आहे. माल्ट, हॉप, यीस्ट तेच ठेवून पाणी तेवढे बदलावे व दोन्ही बीअर शेजारी-शेजारी चाखाव्या. एका वेळी दोन गोष्टी बदलणाऱ्यास उत्तर मिळत नाही.

लोण्याच्या दोषासाठी तर बाटली भरण्यापूर्वीच चाचणी करता येते. बीअरचे दोन नमुने घेतात. एक झाकून सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत पंधरा-वीस मिनिटे गरम करतात, म्हणजे उरलेल्या पूर्वद्रव्याचे डायॲसिटिल होते. मग तो थंड करून दुसऱ्याशी हुंगून ताडून पाहतात. गरम केलेल्यालाच लोण्याचा वास आला, तर यीस्टचे काम व्हावयाचे आहे असे समजून बीअर आणखी दोन-तीन दिवस किंचित् उबदार जागी, यीस्टसह, तशीच ठेवतात. दोहोंनाही येत असेल तरी प्रथम हाच उपाय करतात. त्यानंतरही वास हटला नाही, उलट आंबटपणा व गढूळपणा वाढू लागला, तर भांडी, नळ्या व झाकणे तपासावयास घेतात.