काठ, कसाब आणि कसबा

कसबा पेठेत जन्म गेलेल्या माणसाला स्पेनमध्ये घरची आठवण यावी ती किल्ल्याच्या पाटीवर! मालागाच्या बंदराला लागून टेकडी आहे, तिच्या अंगाखांद्यावर तट चढत गेलेत. पायथ्याच्या पाटीवर नाव होतं ‘अल्काथाबा’. माद्रिदकडचे लोक ‘थ’ म्हणतात, पण इकडे अंदालुसियात कित्येकांच्या तोंडी ‘स’च असतो. तो ‘स’ घातला, पुढचं ‘अल्’ हे अरबी शेपूट (की शेंडी?) कापलं, की उरतो कसाबा. आमचाच कसबा!

७११ साली मुसलमान फौजा जिब्राल्टरला उतरल्या, १४९२ साली ग्रानादा पडलं. मधल्या काळात डोंगर आणि किनारे तटाबुरुजांनी भरून गेले. हा इतिहास कुठेही मिळतो. मला हा शब्द सोडवत नाही.

आधी एक घोटाळा निस्तरू. स्पेनमध्ये ‘अल्काथार’ही असतात आणि पुष्कळ जण दोन्ही नावं एकाच माळेत ओवतात. अल्काथार म्हणजे अरबी ‘कस्र’, आणि कस्र म्हणजे रोमनांचा ‘कास्त्रुम’, लष्करी तळ. लॅटिन शब्द पूर्वेकडे गेला, अरबी झाला आणि नवं नाव लावून स्पेनला परतला. सासरी गेलेल्या मुलीला माहेरच्यांनीच ओळखू नये, तसं. कसब्याचा या घराण्याशी संबंध नाही. तिथे धातू क-स-र, इथे क-स-ब.

मग क-स-ब म्हणजे काय? अरबी शिकवणारे आमचे एक स्नेही म्हणतात, कापणे. खाटकाला ‘कसाब’ म्हणतात तो याच धातूवरून. गावापासून तट घालून कापून काढलेला तुकडा तो कसबा. ऐकायला चोख आहे, पण मला पटत नाही. त्याच धातूचा दुसरा शब्द ‘कसब’, म्हणजे बोरू. आतून पोकळ नळी. (आपलं हातचं कसब वेगळं, त्यातला ‘स’ अरबीत दुसरा.) माझा साक्षीदार आजीच्या लुगड्यात आहे. जरीच्या काठाला ती ‘कसबी काठ’ म्हणायची. तो काठ घडीवर झिजला होता. तिथे चपटी तार उलगडून आतला पिवळा रेशमाचा दोरा दिसायचा. दोऱ्याभोवती तारेची नळी! अरबीतही जरतारीला कसबच म्हणतात. आणि श्वासनलिकेला म्हणतात ‘फुफ्फुसाची कसबा’. म्हणजे ज्यातून सगळं आत-बाहेर होतं, ती जागा. गावाचा श्वास जिथून चालतो तो कसबा, असा माझा तर्क.

मेरिदाला गेल्यावर हा तर्क डोक्यात पक्का बसला. तिथली अल्काथाबा ८३५ ची, दुसऱ्या अब्दुर्रहमान अमिराची. ग्वादियाना नदीवरच्या रोमन पुलाच्या तोंडाशीच ती बांधली, पण परचक्रासाठी नव्हे. मेरिदाचेच लोक वारंवार बंड करत, त्यांच्या छाताडावर बसायला. चौकात एक बसकी इमारत आहे. तिच्यातून शेजारी-शेजारी दोन अरुंद जिने खोल उतरत जातात. दाराच्या चौकटींना व्हिसिगॉथ काळातले कोरीव संगमरवरी खांब आडवे-उभे लावलेत. तळाशी नदीचं पाणी झिरपून, गाळून साचलेलं. वर ऊन भाजत होतं, खाली भिंतीला हात लावला तर ओल. मी एका नळीच्या पोटात उभा होतो!

हा पुरावा नव्हे, ठाऊक आहे. खुद्द तिथल्या पायाभरणीच्या शिलालेखात ‘कसबा’ शब्दच नाही. ‘हिस्न’ आहे, म्हणजे गढी, आज्ञाधारक प्रजेच्या आसऱ्यासाठी. पण बांधणाऱ्याने लिहिलं एक आणि लोकांच्या तोंडी राहिलं दुसरं, यात नवल ते काय?

आपल्याकडे शब्द फारसीतून आला तो तट मागे टाकून. परगण्याचं मुख्य गाव ते कसबा: कसबे पुणे, कसबे सुपे. संगमेश्वरचा कसबा घ्या, कोल्हापूरचा कसबा बावडा घ्या. नावाला बुरुजाची गरज नाही. तिकडे उलट झालं. कारभार गेला, अधिकारी गेले, नुसते तट उरले आणि तिकीट लावून दाखवले जाऊ लागले. आपण शब्दाचा गर ठेवला, त्यांनी साल, असं मी म्हणतो.

स्नेही अजून कसाबावरच अडून आहेत. परवा त्यांना आजीच्या लुगड्याचा काठ नेऊन दाखवला. चष्मा वर करून त्यांनी झिजलेली जागा न्याहाळली आणि म्हणाले, “छान आहे. पण ही तार कापल्याशिवाय गुंडाळली कुणी?”