चाळशीपासून बोलक्या चष्म्यापर्यंत

वाचनाच्या चष्म्यास मराठींत 'चाळशी' असें नांव पडलें आहे. फारसींत 'चश्म' म्हणजे डोळा. त्यावरून आलेला 'चष्मा' हा शब्द त्या वस्तूचें स्थान सांगतो. पंडितांचें 'उपनेत्र' तिचें काम सांगतें. 'चाळशी' मात्र धारण करणाराचें वयच चारचौघांत सांगून टाकते. चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास डोळ्यांतील भिंगाची लवचिकता कमी होते, जवळचीं अक्षरें धूसर होतात आणि पुस्तक हातभर लांब धरावें लागतें. या देहधर्माची कबुली त्या एका शब्दांत आहे. आमच्या लहानपणीं घरांतील वडीलधारी माणसें 'माझी चाळशी कुठें ठेवली?' असें घरभर विचारीत फिरत, आणि ती बहुधा त्यांच्या कपाळावरच सांपडे.

आमच्या स्वतःच्या चाळशीस आतां वीस वर्षें होऊन गेलीं. गेल्या पावसाळ्यांत आमच्या पुतण्यानें परदेशांतून येतांना एक निराळाच चष्मा आणला. दिसण्यांत तो लक्ष्मी रस्त्यावरच्या कोणत्याहि दुकानांत मिळणाऱ्या जाड काळ्या चौकटीच्या चष्म्यासारखा. पण चौकटीच्या कोपऱ्यांत मसुराएवढा कॅमेरा, आणि दोन्ही काड्यांच्या पोटांत बॅटरी, सूक्ष्म ध्वनिवर्धक व मायक्रोफोन बसविलेले. आपण विचारावें, 'समोर काय लिहिलें आहे?' आणि त्यानें कानांत, शेजाऱ्यास ऐकूं न जाईल अशा बेतानें, उत्तर द्यावें. या चष्म्यास स्वतःची बुद्धि फारशी नसते. समोरचें चित्र आणि आपला प्रश्न हीं दोन्हीं खिशांतल्या मोबाईलच्या वाटेनें दूरदेशींच्या संगणकांकडे जातात आणि तेथील कृत्रिम बुद्धिमत्तेचें उत्तर त्याच वाटेनें परत येतें. आम्ही पुण्यांत बसून पुण्यांतील पाटी वाचावी आणि ती वाचणारा मात्र सातासमुद्रांपलीकडे असावा, असा हा प्रकार.

पहिला महिना नवलाईंत गेला. आप्पा बळवंत चौकांत पुस्तकांच्या पाठी वाचून घे, मंडईंत एखाद्या अनोळखी भाजीचें नांव विचार, असा खेळ चालला होता. मग एका रविवारीं आमचे एक बालमित्र नेहमीप्रमाणें चहास आले. चाळीस वर्षांचा हा परिपाठ. एका संस्थेच्या कारभाराविषयीं ते मोठ्या तावातावानें बोलत होते. बोलतां बोलतां एकाएकीं थांबले आणि आमच्या डोळ्यांकडे नव्हे, तर डोळ्यांच्या किंचित् बाजूस पाहूं लागले. "हा चालू आहे का रे?" त्यांनीं विचारलें. आम्हीं नाहीं म्हटलें, आणि तें खरेंहि होतें. परंतु त्यांनीं विषय पावसावर नेला आणि चहा निम्मा टाकून ते उठले. त्या एका प्रश्नानें आम्हांस चष्म्याचा इतिहास नव्यानें चाळावयास लावलें.

हा इतिहास इटलींत सुरू होतो. सन १३०६ मध्यें फ्लॉरेन्स येथील एका प्रवचनांत जॉर्दानो नांवाच्या धर्मोपदेशकानें, ही कला निघून अजून वीस वर्षेंहि झालीं नाहींत, असें सांगितलें होतें. त्यावरून चष्म्याचा जन्म १२८६ च्या आसपासचा धरतात. शोधकाचें नांव मात्र निश्चित नाहीं. १३५२ त तोमासो दा मोदेना या चित्रकारानें त्रेव्हीसो येथील मठाच्या भिंतीवर एका विद्वान् कार्डिनलास चष्मा लावलेला दाखविला. ज्या पुरुषाचें हें चित्र, तो चष्मा निघण्यापूर्वींच वारला होता! विद्वत्तेचें चिन्ह म्हणून चष्मा मृतांच्याहि नाकावर चढूं लागला, एवढी त्याची प्रतिष्ठा वाढली होती. आरंभीं केवळ वृद्धांच्या उपयोगीं पडणारीं फुगीर भिंगें होतीं. दूरचें न दिसणाऱ्यांसाठीं खोलगट भिंगें पंधराव्या शतकांत आलीं. आणि ज्या काड्यांच्या पोटांत आज कॅमेऱ्याची विद्युत् भरली आहे, त्या काड्या तर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत लंडनच्या कारागिरांनीं रूढ केल्या. त्यापूर्वीं सुमारें साडेचारशें वर्षें मनुष्य चष्मा हातानें धरून किंवा नाकावर चिमटवून वाचीत होता.

हिंदुस्थानांत चष्मा केव्हां आला, या प्रश्नाचा छडा लावण्याचें श्रेय पुण्याकडे आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनीं जिलबी, दारूकाम अशा सामान्य मानलेल्या वस्तूंचा इतिहास पोथ्यापुराणांतून शोधून काढला, आणि त्यांतच चष्म्यावरहि निबंध लिहिला. राजांच्या लढायांपेक्षां आजोबांच्या चष्म्याची चौकशी करणारा हा संशोधक आम्हांस नेहमींच आपला वाटत आला आहे. विजयनगरचे माध्व आचार्य व्यासराय (निधन १५३९) यांचें सोमनाथ कवीनें रचलेलें चरित्र आहे. त्यांत आचार्य चष्म्याच्या साहाय्यानें पोथी वाचीत असल्याचा उल्लेख मिळतो. पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें तें १५१० त. तेव्हां किनाऱ्यावर उतरलेल्या परकी मालांतून ही वस्तु आचार्यांपर्यंत पोंचली असावी, हें अनुमान सयुक्तिक दिसतें. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, सोंवळ्याओंवळ्याच्या त्या काळींहि एका संन्याशानें परदेशी भिंग नाकावर ठेवण्यास अनमान केला नाहीं, आणि कवीलाहि त्यांत कांहीं उणें वाटलें नाहीं. भिंग त्यांच्या पोथीकडे पाहत होतें. तें दुसऱ्या कोणाकडे पाहत नव्हतें.

पुण्यांत चाळशीचा प्रसार मुद्रणानें केला असें म्हणावयास हरकत नाहीं. १८४८ त येथें सार्वजनिक वाचनालय स्थापन झालें, तेंच आजचें पुणें नगर वाचन मंदिर. १८४९ त 'ज्ञानप्रकाश' निघाला, १८८१ त 'केसरी'. हातानें लिहिलेल्या पोथीचें अक्षर टपोरें असे. शिशाच्या खिळ्याचें अक्षर बारीक, आणि तेंहि रात्रीं दिव्याच्या उजेडांत वाचावयाचें. तरीहि तरुणांच्या चष्म्यास हिणविण्याची चाल बरीच टिकली. मुलींच्या बाबतींत तर लग्नाच्या जाहिरातींतून 'चष्मा नाहीं' हा गुण म्हणून छापला जात असे. त्या काळीं चष्म्यावरचा आक्षेप एवढाच, कीं तो लावणाराचें व्यंग उघड करतो. आमच्या मित्राचा आक्षेप याच्या नेमका उलट आहे.

तो आक्षेप चष्म्याच्या वंशांतला नव्हेच. तो कॅमेऱ्याच्या वंशांतला आहे. १८८८ मध्यें अमेरिकेंत ईस्टमन यांचा हातांत मावणारा कोडॅक कॅमेरा निघाला, आणि छायाचित्र काढवून घेण्यासाठीं खुर्चींत ताठ बसावें लागण्याचा काळ संपला. ज्याचें चित्र निघतें त्यास तें कळलेंच पाहिजे, ही सक्ति उरली नाहीं. दोनच वर्षांनीं, १८९० मध्यें, वॉरन व ब्रँडाइस या दोन वकिलांनीं हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकांत खासगीपणाच्या हक्कावरील आपला प्रसिद्ध लेख लिहिला; तत्काळ निघणारीं छायाचित्रें व चव्हाट्यावरचीं वृत्तपत्रें हें त्यांच्या तक्रारीचें मूळ होतें. चष्मा व कॅमेरा हीं दोन घराणीं पुढें सव्वाशें वर्षें निरनिराळीं नांदलीं.

त्यांचा विवाह गूगल कंपनीनें २०१२ त जाहीर केला. २०१३ पासून निवडक लोकांस दीड हजार डॉलरांस तो चष्मा मिळूं लागला. पण अमेरिकेंतील कांहीं उपाहारगृहांनीं तो घालून येणारास दारांतूनच परत पाठविलें, आणि जानेवारी २०१५ मध्यें सामान्य ग्राहकांसाठीं त्याची विक्री थांबली. त्याचें रूपच विचित्र होतें. समोरचा मनुष्य सावध होई. पुढें रे-बॅन व मेटा या कंपन्यांनीं मिळून २०२१ त व पुन्हा २०२३ त जे चष्मे काढले, ते रूपानें अगदीं साधे होते. हिंदुस्थानांत ते मे २०२५ मध्यें २९,९०० रुपयांपासून विकावयास आले. चित्रण चालू असतां चौकटीवर एक बारीक दिवा लागतो, हीच काय ती समोरच्यास सूचना. आणि तो दिवा निकामी करून देणारे लोकहि अमेरिकेंत निघाले, हें २०२५ त तेथील वृत्तांतून उघड झालें. त्याच्या आदल्या वर्षीं हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनीं असा चष्मा घालून रस्त्यांतील अनोळखी माणसांचीं नांवें व पत्ते कसे हुडकतां येतात, याचें प्रात्यक्षिक दाखविलें. धोका लोकांस कळावा हाच त्यांचा हेतु होता.

पाहिलें जाण्याची पुण्यास संवय नाहीं असें नव्हे. नाना फडणिसांच्या हेरांचा दरारा सर्वश्रुत आहे. १७७७ पासून १७९१ पर्यंत कोतवाल असलेल्या घाशीरामाच्या अमदानींत रात्रीं तोफ झाल्यावर रस्त्यावर सांपडलेला मनुष्य चावडींत जाई. आमच्याच काळांत, २०१० मधील जर्मन बेकरीच्या व २०१२ मधील जंगली महाराज रस्त्यावरील स्फोटांनंतर चौकाचौकांतून खांबांवर कॅमेरे चढले, आणि पुणेकरांनीं त्याबद्दल फारशी कुरकुर केली नाहीं. आम्हींहि केली नाहीं. पण कोतवालाची चावडी कोठें आहे तें ठाऊक असे, खांबावरचा कॅमेरा दिसतो, आणि दोघांचाहि धनी सरकार आहे, ज्यास जाब तरी विचारतां येतो. चाळीस वर्षांच्या स्नेह्याच्या नाकावरच्या चौकीस जाब कोणीं व कसा विचारावा? विचारला तर स्नेह दुखावतो. न विचारावा तर बोलणें आखडतें. आमच्या मित्रानें विचारलें, आणि तरीहि त्याचें बोलणें आखडलेंच.

कायद्याकडे वळावें तर २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ त वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाहि झाला. मात्र एखाद्या व्यक्तीनें खासगी किंवा घरगुती कामासाठीं केलेल्या माहितीच्या वापरास तो कायदा लागू नाहीं. चहाचा टेबल हा घरगुतीच! तेव्हां आमच्या मित्राचें आमच्यापासून रक्षण करण्यास आमच्या सभ्यतेवांचून दुसरें कोणी जवळ नाहीं, आणि ती सभ्यता तपासण्याचें साधन त्यांच्याजवळ नाहीं.

एवढें कळल्यावर तो चष्मा परत करावा, असें आमच्या मनांत आलें होतें. तसें झालें नाहीं, याचें कारण आमच्या आत्याबाई. त्यांचें वय शहाऐंशी. दोन्ही डोळ्यांतील दृष्टिपटलाचा मध्यभाग गेला आहे. कडेचें दिसतें, पण ज्याकडे पाहावें तेंच नाहींसें होतें. कोणतेंहि भिंग तेथें उपयोगी नाहीं. एके दिवशीं सहज म्हणून तो चष्मा त्यांस लावला आणि वर्तमानपत्र हातीं दिलें. इंग्रजी वळणाच्या उच्चारांत कां होईना, तो वाचूं लागला. त्यांनीं पहिल्या प्रथम काय वाचून घेतलें असेल? निधनवार्ता! "रोज सूनबाईला हेंच वाच म्हणायला बरं वाटत नव्हतं," त्या म्हणाल्या. पुढें आठ दिवसांनीं त्यांच्या नाशिकच्या बालमैत्रिणीचें पत्र आलें. पूर्वीं अशीं पत्रें आम्हीं मोठ्यानें वाचून दाखवीत असूं. या वेळीं त्यांनीं खोलीचें दार लोटून घेतलें. पत्रांत काय होतें तें आम्हांस कळलें नाहीं, आणि सहा वर्षांत प्रथमच त्यांना घरांत एक गोष्ट आपल्यापाशीं ठेवतां आली. घरांत तें पत्र दुसऱ्या कोणीं वाचलें नाहीं, समुद्रापलीकडच्या यंत्रानें वाचलें. हें आम्हीं त्यांस समजावून सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "त्याला कुठं आमच्या माणसांची ओळख आहे?" या उत्तरावर आमच्याजवळ प्रत्युत्तर होतें, पण तें आम्हीं दिलें नाहीं.

संजयास दिव्यदृष्टि मिळाली ती धृतराष्ट्रासाठीं, हें अशा वेळीं आठवतें. व्यासांनीं ती प्रथम धृतराष्ट्रालाच देऊं केली होती. आप्तांचा संहार डोळ्यांनीं पाहण्यापेक्षां त्यानें तो ऐकणें पत्करलें. रणांगणावरील वीरांची संमति मात्र कोणीं घेतल्याचा उल्लेख नाहीं.

संजय पाहिलें तेंच सांगत असे, हा आणखी एक भेद. आमच्या घराण्यांतील एक मोडी कागद आम्हीं त्या चष्म्यापुढें धरला, तेव्हां तो कर्जरोखा असल्याचें त्यानें बिनदिक्कत सांगितलें, रक्कमसुद्धां सांगितली. वस्तुतः तो विहिरीच्या पाण्याच्या पाळीसंबंधींचा करार आहे. पेशवे दप्तरांतून गो. स. सरदेसाई यांनीं १९३० नंतर पंचेचाळीस भाग निवडून छापले, राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' गांवोगांव हिंडून बावीस खंडांत प्रसिद्ध केलीं. त्यांच्या हातून चुका झाल्या नाहींत असें नव्हे, पण जें लागलें नाहीं तेथें टिंबें देण्याची त्यांस लाज नव्हती. या चष्म्यास टिंबें देतां येत नाहींत. आत्याबाईंस म्हणूनच आम्हीं बजावून ठेवलें आहे कीं, औषधाच्या बाटलीवरचें तेवढें माणसाकडून वाचून घ्या.

आतां तो चष्मा त्यांच्याच खोलींत, फिरकीच्या तांब्याशेजारीं, आपल्या डबींत असतो. गेल्या रविवारीं मित्र आले, तेव्हां आमच्या नाकावर जुनी चाळशी होती. त्यांनीं ती नीट पाहून घेतली. इतक्यांत आंतल्या खोलींतून त्या यंत्राचा नेहमींपेक्षां मोठा केलेला, सावकाश आवाज ऐकूं आला. आत्याबाईंना अलीकडे कानांनींहि थोडें कमी येतें. मित्रानें दाराकडे पाहिलें. "आज काय चाललंय?" आम्हीं म्हटलें, "निधनवार्ता." ते हंसले, खुर्ची दारापासून हातभर लांब ओढली, आवाज खालीं आणला आणि त्या संस्थेचा अर्धवट राहिलेला विषय पुढें काढला.