टी-पेशींची दुसरी खूण

शत्रू ओळखणे आणि त्याच्यावर चालून जाणे या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. गडाच्या पहारेकऱ्यास परका मनुष्य दिसला, तरी किल्लेदाराच्या हुकमावाचून तोफेला बत्ती द्यावयाची नाही, असा शिरस्ता असला म्हणजे स्वकीयांवर गोळा पडत नाही. रक्तातील टी नावाच्या रक्षक पेशींचा कारभारही असाच चालतो. परक्या द्रव्याची ओळख ही पहिली खूण. तिच्या जोडीस दुसरी न मिळाल्यास पेशी लढण्याऐवजी बधिर होऊन बसते.

दोन खुणांची कल्पना ब्रेचर व कोन यांनी १९७० साली मांडली. परंतु दुसरी खूण स्वीकारणारा रेणू पेशीच्या पृष्ठावर शोधावयाचा कसा? १९७५ साली केंब्रिज येथे कोहलर व मिलस्टाइन यांनी एकाच रेणूस चिकटणारे, एकजिनसी प्रतिपिंड हवे तितके मिळविण्याची रीत काढली. १९८० साली सिएटल येथे ‘९.३’ अशा रुक्ष नावाचे एक प्रतिपिंड निघाले. ते ज्या रेणूस चिकटले तोच पुढे सीडी-२८ म्हणून प्रसिद्धीस आला. अशा प्रतिपिंडास चमकणारा रंग जोडला की हजारो पेशींतून तो रेणू धारण करणाऱ्या तेवढ्या मोजता येतात.

मात्र रेणूस चिकटणारी वस्तू नुसती ओळख पटवूनच थांबेल असे नाही. ती हुकूमही देऊन बसते. मार्च २००६ मध्ये लंडन येथे सीडी-२८ला चिकटणारे टीजीएन-१४१२ हे प्रतिपिंड सहा निरोगी तरुणांस टोचले, आणि पहिल्या खुणेवाचूनच टी-पेशी खवळल्या. सहाही जण अत्यवस्थ झाले. सुदैवाने सर्व वाचले. माकडांवरील चाचणीत हे दिसले नव्हते, कारण त्यांच्या काही स्मृतिपेशींवर सीडी-२८ नव्हताच, हे मागाहून कळले!

तीच दुसरी खूण मुंबईत रोग्यांच्या कामी आली. कर्करोगाची पेशी ओळखणारा प्रतिपिंडाचा तुकडा रोग्याच्याच टी-पेशींवर बसविण्याचे परदेशांतील आरंभीचे प्रयोग फारसे टिकाव धरू शकले नाहीत. त्यांत दुसरी खूण नव्हती. पवईची आय.आय.टी. व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या नेक्सकार-१९ मध्ये ‘४-१बीबी’ या सहउत्तेजक रेणूचा अंश जोडलेला आहे, आणि मूळचा उंदराचा प्रतिपिंड-अंश शरीरास परका वाटू नये म्हणून मानवी धर्तीवर बदललेला आहे. रक्ताच्या काही कर्करोगांसाठी या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. त्याचा खर्च परदेशी उपचाराच्या सुमारे एकदशांश सांगतात. तथापि मध्यम स्थितीतील कुटुंबास तोही लाखांच्या घरातच भरावा लागतो.