बियाण्याचा सातबारा कोणाच्या नावावर?



कामगार चळवळीतल्या माणसाने बियाण्यांवर का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. आम्ही शेतकरी नाही आणि शास्त्रज्ञही नाही. आमचे शिक्षण शाळेपेक्षा कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले. परंतु ऐन विशीत आम्ही एका रसायनांच्या कारखान्यात पिंपे रिकामी करण्याचे काम केले. पिंपावर चिठ्ठी असे, पण ती इंग्रजीत. हातांवर पुरळ उठले तेव्हा आम्ही मुकादमाला विचारले, "यात असतं तरी काय?" तो म्हणाला, "तुला काय करायचंय? हात धू म्हणजे झालं." त्या उत्तराने आम्हांला वाचायला लावले. वाचता वाचता एका कंपनीचा इतिहास हाती आला, तो आज आपल्यापुढे ठेवतो आहोत. त्याचे एक टोक अमेरिकेत आहे, तर दुसरे आपल्या जालन्यात आणि यवतमाळात.

१९०१ साली अमेरिकेतील सेंट लुई शहरात जॉन फ्रान्सिस क्वीनी नावाच्या गृहस्थाने एक छोटा कारखाना काढला आणि त्याला आपल्या पत्नीचे माहेरचे आडनाव दिले : मोन्सॅन्टो. पहिला माल होता सॅकरीन, म्हणजे साखरेवाचूनची गोडी. कोका-कोला कंपनी त्याचे मोठे गिऱ्हाईक. पुढे कॅफीन आले, व्हॅनिलाचा कृत्रिम स्वाद आला, ॲस्पिरीन आले. त्यामागून प्लॅस्टिक आणि कृत्रिम धागा. आरंभीच्या काळात या कंपनीचा शेतीशी संबंध नव्हता, हे ध्यानात ठेवावे.

१९४९ च्या मार्च महिन्यात वेस्ट व्हर्जिनियातील नायट्रो गावच्या कारखान्यात तणनाशक तयार करताना एका भांड्यातला दाब वाढून ते फुटले. तेथल्या कामगारांच्या अंगावर विचित्र फोड उठले, ते लवकर बरे होईनात. या फोडांचे कारण डायॉक्सिन नावाचे विष आहे, हे १९५७ च्या सुमारास जर्मनीत उलगडले. हे विष तणनाशक बनविताना भेसळीसारखे आपोआप तयार होते. तरीही १९६२ ते १९७१ या काळात तेच तणनाशक दुसऱ्या एका तणनाशकात निम्मेनिम मिसळून अमेरिकन सैन्याने व्हिएतनामच्या जंगलांवर विमानांतून फवारले. 'एजंट ऑरेंज' ते हेच. बनविणाऱ्या कंपन्या अनेक होत्या, त्यांत मोन्सॅन्टो प्रमुखांपैकी एक. १९८४ साली सात कंपन्यांनी मिळून अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठी १८ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. व्हिएतनामी लोकांचा दावा मात्र अमेरिकेच्या न्यायालयाने २००५ साली फेटाळला. कामगाराच्या कातडीने १९४९ साली जी सूचना दिली होती ती वेळीच कोणी वाचली असती, तर पुढचे किती अनर्थ टळले असते!

दुसरी हकीकत अलाबामा राज्यातील ॲनिस्टन गावची. विजेच्या ट्रान्स्फॉर्मरमध्ये थंडाव्यासाठी जे तेल भरीत, त्यातली पीसीबी नावाची रसायने तेथे बनत. ती जळत नाहीत, सहसा कुजतही नाहीत. हाच त्यांचा गुण आणि हाच अवगुण. कारखान्याचे सांडपाणी ज्या ओढ्यात जाई, त्याच्या काठी गरीब कष्टकरी लोकांची वस्ती होती, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय. १९६६ साली कंपनीनेच नेमलेल्या तज्ज्ञाने त्या ओढ्याच्या पाण्यात मासे सोडून पाहिले. काही क्षणांतच ते उलटे होऊन तरंगू लागले. कंपनीला हे समजले, वस्तीला नाही. तेथे पीसीबी बनविणे थांबले १९७१ साली, आणि कंपनीने अमेरिकेतले सारे उत्पादन बंद केले १९७७ साली. वस्तीतील लोक कोर्टात गेले तेव्हा कंपनीची जुनी अंतर्गत टिपणे बाहेर आली. २००३ साली वीस हजारांहून अधिक रहिवाशांच्या दाव्यांत ७० कोटी डॉलरांची तडजोड झाली.

मधल्या काळात कंपनीने कात टाकली होती. १९९७ साली रसायनांचा धंदा वेगळ्या नावाने तोडून दिला. २००० साली एका औषध कंपनीशी विलीनीकरण झाले. आणि २००२ साली मोन्सॅन्टो हे नाव फक्त शेतीचा व्यवसाय घेऊन पुन्हा स्वतंत्र झाले. ज्यांनी कधी कारखान्याची मालकी बदलताना पाहिली आहे, त्यांना यातली मेख सांगायला नको. नवा मालक नफ्याचा वारस असतो. देणे निघाले की तो म्हणतो, ते जुन्यांना विचारा.

आता बियाण्याकडे वळू. १९७० साली कंपनीतील जॉन फ्रान्झ या रसायनशास्त्रज्ञाने ग्लायफोसेटचा तणनाशक गुण शोधला; १९७४ साली ते 'राउंडअप' नावाने बाजारात आले. ते तणाबरोबर पिकालाही मारी. तेव्हा कंपनीने पिकाचेच बियाणे असे बदलले की त्यावर ते औषध चालू नये. १९९६ साली असे सोयाबीन बाजारात आले. एकाच दुकानात औषधही त्यांचे आणि त्या औषधाला पुरून उरणारे बीही त्यांचे! शेतकऱ्याने मात्र करार लिहून द्यायचा की पुढच्या वर्षासाठी बी राखून ठेवणार नाही. कॅनडातील पर्सी श्मायझर या शेतकऱ्याचा खटला तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००४ साली पाच विरुद्ध चार मतांनी कंपनीचे पेटंट मान्य झाले, तथापि श्मायझरला एक पैचीही भरपाई द्यावी लागली नाही. २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तशाच एका खटल्यात एकमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

आपल्याकडे ही कथा जालन्याच्या वाटेने आली. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी तेथे 'महिको' ही बियाणे कंपनी काढली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी मोन्सॅन्टोने महिकोत २६ टक्के भाग घेतला. मातीतल्या एका जिवाणूचा गुणधर्म कपाशीत उतरवून बोंडअळीला मारणारे बीटी बियाणे त्यांनी आणले. सरकारने २००२ च्या मार्चमध्ये त्याच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. पण गुजरातेत ही कपाशी त्याआधीच, २००१ साली, बिनपरवाना उभी असलेली सापडली होती. शेतकऱ्याला हे बी हवे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. हिरव्या बोंडअळीने तो हैराण झाला होता, आणि पहिली काही वर्षे फवारण्या खरोखरच कमी झाल्या.

परंतु ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सुमारे १६०० रुपये पडत, आणि त्यातला मोठा हिस्सा तंत्रज्ञानाच्या हक्काचा. २००६ साली आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारीविरोधी आयोगाकडे धाव घेतली आणि किंमत ७५० वर आली. दुसरी गोष्ट, हे बी संकरित. संकरित सरकी राखून पेरली तर पीक एकसारखे येत नाही. आपल्याकडे २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क आहे; पण संकरित वाणापुढे तो हक्क कागदावरच राहतो. नागपूरच्या सरकारी कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या विद्यापीठाच्या साह्याने २००९ साली राखून पेरता येईल असे बीटी वाण आणले. पण त्यात मोन्सॅन्टोचेच जनुक सापडले, आणि ते मागे घ्यावे लागले. सरकारी कारभाराचीही लाज वाटावी अशी ही गोष्ट आहे.

अळीही गप्प बसली नाही. कडेला साध्या कपाशीच्या ओळी लावा, म्हणजे अळीत प्रतिकार लवकर वाढणार नाही, असे पाकिटाबरोबर सांगितले जाई. चार एकरांच्या धन्याला ते परवडत नसे. शिवाय फरदड ठेवल्याने गुलाबी बोंडअळीला महिनोन्महिने खायला मिळाले. गुजरातच्या चार जिल्ह्यांत ती पहिल्या बीटीला दाद देत नसल्याचे कंपनीने २०१० साली कबूल केले. २०१७ साली विदर्भात तिने हाहाकार केला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, त्यांत शेतमजूर बरेच. ती कीटकनाशके या कंपनीची होती असे आम्ही म्हणत नाही. आम्हांला आठवला तो फक्त पिंपावरचा इंग्रजी कागद.

आरोप करणाऱ्यांनीही तोल सांभाळला पाहिजे. पुन्हा न उगवणारे 'टर्मिनेटर' बी आपल्या शेतात आल्याची हाकाटी झाली. त्याचे पेटंट १९९८ साली झाले हे खरे, पण ते बाजारात कधीच आले नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्या बीटीच्या आधीपासून होत होत्या. त्यांची मुळे कर्जात, कोरडवाहू शेतीत आणि कापसाच्या भावात खोल गेलेली आहेत. खोट्या आरोपाचा फायदा शेवटी मालकालाच होतो, हे आम्ही अनेक संपांत पाहिले आहे.

राउंडअपचा वाद मात्र मिटलेला नाही. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ग्लायफोसेटला संभाव्य कर्करोगकारकांत घातले; अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे मत त्याच्या उलट आहे. २०१८ साली जर्मनीच्या बायर कंपनीने सुमारे ६३०० कोटी डॉलरांना मोन्सॅन्टो विकत घेतली आणि ते नावच पुसून टाकले. दोन महिन्यांतच कॅलिफोर्नियातील शाळेच्या मैदानावर राबणाऱ्या एका कामगाराने राउंडअपविरुद्धचा खटला जिंकला. २०२० साली बायरने हजारो दाव्यांच्या तडजोडीसाठी हजार कोटी डॉलरांहून अधिक रकमेची घोषणा केली. आमच्याकडे २०१९ साली अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी तणनाशकाला न जुमानणारी बिनपरवाना कपाशी उघडपणे लावली. खेड्यात तिला 'चोरबीटी' म्हणतात. ज्या बियाण्याची पावती नाही, त्याची जबाबदारीही कोणावर नाही.

श्रोतेहो, विज्ञानाला आमचा विरोध नाही. आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक पिंपावर आणि पाकिटावर मराठीत ठळक लिहा. तपासणीचे कागद उघडे करा. राखून पेरता येईल असे सरळ वाण सरकारी संस्थांनी खरोखरीच शेतकऱ्याच्या हाती द्या. आमच्या कारखान्यात मराठी चिठ्ठी मिळवायला युनियनला चार वर्षे झगडावे लागले. ती लागली त्या दिवशी एका वयस्क कामगाराने ती दोनदा वाचली, हातमोजे मागून घेतले, आणि मगच पिंपाला हात लावला.