समग्र परिचर्या

रुग्णाच्या शरीराबरोबर त्याचे मन, कुटुंब, श्रद्धा व राहणीमान लक्षात घेऊन केलेली शुश्रूषा. तिचा आधुनिक पाया फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी घातला. स्वच्छ हवा, उजेड, आहार व शांतता यांना त्यांनी उपचाराइतकेच महत्त्व दिले. महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने परिचारिका-प्रशिक्षणाला चालना दिली.

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांत, झरीसारख्या गावांत, अशा परिचर्येचा मोठा भाग घरभेटींचा असतो. आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र, असे सरकारी प्रमाण आहे. तेथील परिचारिकेला गावातील आरोग्य स्वयंसेविकेची, म्हणजे आशा कार्यकर्तीची, साथ असते. दवाखान्यात बाळंतपण झाल्यास आशाने ३, ७, १४, २१, २८ व ४२व्या दिवशी घरभेट द्यायची असते. हात धुऊन ती बाळाचे वजन व ताप पाहते. कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायला आईला शिकवते. नवजात बाळासाठीच्या घरभेटींच्या या पद्धतीमागे गडचिरोलीतील राणी व अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचा प्रयोग आहे. डहाणू-तलासरीत दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे होणारे स्थलांतर, भगतावरील (पारंपरिक उपचार करणाऱ्यावरील) विश्वास आणि वारली बोली यांची जाण ठेवली, घरातील सासूलाही बोलण्यात घेतले, तर दिलेला सल्ला पाळला जाण्याची शक्यता वाढते.